ओल येणाऱ्या हॉलच्या भिंतीवर डब्ल्यूपीसी पॅनेल लावले तर चालेल का?

पॅनेलला काही होणार नाही, भिंतीला होईल. डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचं मिश्रण. त्याला वाळवी लागत नाही, पाण्याने ते सहसा फुगत नाही. पण ओल मागेच कोंडून राहते, प्लास्टर भुसभुशीत होतं आणि दोन पावसाळ्यांत कुबट वास सुटतो. सुतार पॅनेलखाली साध्या प्लायच्या पट्ट्या ठोकतात, आधी त्याच कुजतात. (दुकानदार 'शंभर टक्के वॉटरप्रूफ' म्हणतो ते फक्त पॅनेलबद्दल, हे लक्षात ठेवा.)

आधी गळती शोधा: बाहेरच्या भिंतीचा तडा, शेजारचं बाथरूम, वरच्या मजल्याचा पाइप. दुरुस्तीनंतर भिंत पूर्ण सुकू द्या, मगच काम काढा. पट्ट्याही डब्ल्यूपीसीच्या किंवा अॅल्युमिनियमच्या घ्या.

एमडीएफचे (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाचे) पॅनेल स्वस्त आणि देखणे असले तरी अशा भिंतीवर नकोच. गॅसच्या शेगडीमागे पीव्हीसी, डब्ल्यूपीसी दोन्ही टाळा, उष्णतेने वाकतात. तिथे टाइल्सच बऱ्या.

आणि अख्खी भिंत झाकू नका. टीव्हीमागचा भाग पुरे, बाकी रंग द्या. लूव्हर्सच्या (पट्ट्यापट्ट्यांच्या पॅनेलच्या) खाचांतली धूळ पुसायला कोण बसणार?