सर्वांचे एकमत झाले, म्हणजे निष्कर्ष बरोबर ठरतो का?

प्रश्न : विलेपार्ल्यात आमचे एक छोटे अभ्यास मंडळ आहे. संतवाङ्मयाची आवड असलेले आम्ही दहा-बारा जण वीसहून अधिक वर्षे एकत्र बसून वाचन आणि चर्चा करत आलो आहोत. एका संतकवीच्या जन्मवर्षाविषयी मंडळात पूर्ण एकमत आहे. अलीकडे आलेल्या एका तरुण सभासदाने त्या वर्षाविषयी शंका काढली, तेव्हा ज्येष्ठांनी त्याला सांगितले की, इतक्या जणांनी इतकी वर्षे अभ्यास करून काढलेला निष्कर्ष चुकीचा असणे शक्य नाही; ‘पाचामुखी परमेश्वर’ असे आपल्याकडे म्हणतातच. त्याचे समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. एकमत आणि दीर्घ अभ्यास यांना निष्कर्षाच्या अचूकतेची हमी मानता येईल का?
— एक वाचक, विलेपार्ले (पूर्व)

उत्तर : हमी मानता येणार नाही. मात्र एकमत आणि अभ्यास यांना काहीच किंमत नाही, असाही याचा अर्थ नव्हे. ती किंमत किती, हे माणसे त्या मतापर्यंत कशी पोहोचली यावर ठरते. दहा जण दहा निराळ्या वाटांनी एकाच गावी पोहोचले असतील, तर ते गाव तेथेच आहे यावर विश्वास ठेवायला चांगला आधार मिळतो. पहिल्याच्या पाठोपाठ उरलेले नऊ जण चालत गेले असतील, तर माणसे दहा असूनही साक्ष एकाचीच राहते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या मुंबईतच घडलेले आहे आणि ते मुंबईकरांना असावे तितके ठाऊक नाही, याचे मला वाईट वाटते. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. तो पसरतो कसा, या प्रश्नावर त्या काळच्या बहुतेक जाणकारांचे मत घाण, दमट जमीन, कोंदट हवा आणि दाट वस्ती यांच्याभोवतीच फिरत होते. त्या मतानुसार गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक आम्लाने धुतली गेली, घरांना चुना फासला गेला, अंधाऱ्या खोल्यांत उजेड यावा म्हणून छपरे उघडली गेली. १८९८मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले, त्यामागे समुद्रावरचा वारा आतल्या वस्तीत खेळावा हाही विचार होता. ही माणसे अडाणी नव्हती. त्यांच्यापाशी शिक्षण होते, अनुभव होता, आणि घाणीचा व रोगाचा संबंध त्यांना डोळ्यांसमोर दिसत होता. परंतु त्या सर्वांना शिकवण एकच मिळाली होती, त्यामुळे प्रत्येक जण त्याच चाळींत आणि त्याच धान्याच्या गोदामांत शिरून जे दिसेल अशी अपेक्षा होती तेच पाहून परतत होता.

१८९८मध्येच पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत एक साधा प्रयोग केला. प्लेग झालेला, अंगावर पिसवा असलेला उंदीर त्यांनी एका मोठ्या काचेच्या भांड्यात ठेवला आणि त्याच भांड्यात जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणे शक्य नव्हते, पण पिसवा मात्र जाळीतून जाऊ शकत होत्या. काही दिवसांत निरोगी उंदीरही प्लेगने मेला. त्याच काळात सरकारने नेमलेला प्लेग आयोग देशभर हिंडत होता. त्याने असंख्य साक्षी घेतल्या, अनेक खंडांचा अहवाल लिहिला, आणि तरीही सिमाँ यांचा निष्कर्ष स्वीकारला नाही. अभ्यास दीर्घ होता, साक्षीदार पुष्कळ होते आणि नेमका जो धागा हाती यायला हवा होता तोच बाजूला टाकला गेला.

पुढे १९०५पासून परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, नव्या संशोधकांच्या गटाने हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. त्यांची पद्धत आपल्या मंडळाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. आवारात मुद्दाम बांधलेल्या खोल्यांत त्यांनी गिनिपिग ठेवले. काहींच्या पिंजऱ्यांना पिसू शिरणार नाही अशी बारीक जाळी लावली, काही उघडे ठेवले, तर काही पिसवांची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगले. हवा सर्वांना एकच होती. दोष हवेचा असता, तर जाळीच्या आतले आणि उंचावरचे प्राणीही आजारी पडायला हवे होते. पण ज्यांच्यापर्यंत पिसवा पोहोचू शकत होत्या त्यांना प्लेग झाला, बाकीचे वाचले. या प्रयोगाची रचनाच अशी होती की, पिसवांची कल्पना चुकीची असती तर ती तेथेच उघडी पडली असती. आधीच्या आयोगाने माहितीचे ढीग गोळा केले. स्वतःचे मत खोटे ठरू शकेल अशी कसोटी मात्र त्याने लावली नाही.

आपला विषय वाङ्मयाचा असल्याने पुण्याच्या भांडारकर संस्थेचे कामही सांगितले पाहिजे. महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करण्याचे काम तेथे १९१९मध्ये सुरू झाले आणि १९६६मध्ये पूर्ण झाले. एखादा पाठ किती हस्तलिखितांत आढळतो, एवढे मोजून विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांचे सहकारी थांबले नाहीत. एकाच मूळ प्रतीवरून पन्नास नकला झाल्या असतील, तर मूळ प्रतीतली चूक पन्नासांतही उतरणार. म्हणून हस्तलिखितांचे लिपी आणि परंपरा यांनुसार गट पाडले गेले, आणि परस्परांपासून दूर वाढलेल्या परंपरा जेथे जुळतात तो पाठ अधिक भरवशाचा मानला गेला. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही घरोघरी ठाऊक असलेली कथा या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही, ती परिशिष्टात गेली, हे पुष्कळांना ऐकूनही खरे वाटत नाही.

चूक एकदा रूढ झाली की, समोर दिसणारे सत्यही माणसाला स्वतःचीच चूक वाटू लागते. मानवी पेशीत ४८ गुणसूत्रे असतात, असे १९२०च्या दशकापासून सुमारे तीस वर्षे सर्वत्र शिकवले जात होते. १९५६मध्ये जो हिन त्जियो आणि आल्बर्ट लेव्हान यांनी ती ४६ असल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी हेही नोंदवले की, एका गटाला यकृताच्या पेशींत ४६च गुणसूत्रे आढळली होती, पण उरलेली दोन सापडत नाहीत म्हणून त्या गटाने ते काम सोडून दिले होते.

तथापि एकटा पडलेला माणूसच बरोबर असतो, असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. आजकाल लशींविरुद्ध बोलणारे पुष्कळ जण हाच युक्तिवाद करतात आणि तो मला घातक वाटतो. सिमाँ एकटे होते म्हणून बरोबर ठरले नाहीत. त्यांचा प्रयोग इतरांना करून पाहता आला आणि तो टिकला, म्हणून ते बरोबर ठरले. ज्या मतावर वेगवेगळ्या देशांतील, एकमेकांच्या चुका काढायला टपलेले अभ्यासक येऊन ठेपतात, ते मत मोडायला तितकाच भक्कम पुरावा लागतो.

आता आपल्या मंडळाकडे वळतो. पुढील बैठकीत चर्चा सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने ते जन्मवर्ष आपण कोठून घेतले, हे स्वतंत्र कागदावर लिहावे. सर्व कागद एकाच चरित्रग्रंथाकडे किंवा एकाच ज्येष्ठाच्या व्याख्यानाकडे बोट दाखवू लागले, तर आपल्यापाशी बारा मते नसून एकच आहे, हे मान्य करावे आणि त्या ग्रंथकाराने ते वर्ष कशावरून ठरवले ते शोधावे. पोथीच्या अखेरीस नकलाकाराने शक लिहिला असेल, तर तो नकलेचा आहे की रचनेचा, हे तपासावे. शक १५३० म्हणजे इसवी सन १६०८ किंवा १६०९, या रूपांतरातही पुष्कळ चुका होतात. ज्येष्ठांचा दीर्घ अभ्यास येथे खरोखर उपयोगी पडेल, कारण कोणती पोथी कोठे आहे आणि कोणता उल्लेख कोणी केला आहे, हे त्यांनाच ठाऊक असणार. ती सर्व माहिती त्यांनी त्या तरुणाच्या हाती द्यावी, त्याला पुरेसा अवधी द्यावा, आणि आपली शंका त्याने कागदपत्रांनिशी मांडावी. त्याला ते जमले नाही, तर जुने वर्ष तूर्त कायम ठेवावे, मात्र मंडळाच्या टिपणवहीत त्याच्या आधाराचा स्पष्ट उल्लेख करावा.