१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या पूर्ण वर्ग आहे का? तिचे मूळ अवयव कसे काढायचे?

हो, पूर्ण वर्ग आहे. १११११११११ (नऊ वेळा एक) चा वर्ग. पडताळा कागदावरच घ्या, खरी गंमत तिथेच दिसते. या संख्येला तिनेच गुणताना नऊ ओळी येतात. प्रत्येक ओळ तीच, फक्त एक घर डावीकडे सरकलेली. मग उभी बेरीज म्हणजे त्या घरात किती एक आले ते मोजणे: उजवीकडून १, २, ३ असे ९ पर्यंत चढत जाते आणि पुन्हा उतरते. कुठेच नऊच्या वर जात नाही, म्हणून हातचा येत नाही.

दहा एक घेतले की हे मोडते. मधल्या घरात १० होतात: शून्य लिहा, हातचा एक. शेजारच्या ९ चे १० होतात: पुन्हा शून्य, हातचा एक. त्यापुढच्या ८ चे ९. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१, आणि दोन्हीकडून सारखे वाचणे संपते.

अवयवांसाठी मोठ्या संख्येला हात लावू नका, वर्गमूळ फोडा. नऊ एकांचे तीन-तीनचे गट पाडले की १११ × १००१००१. त्यात १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. आता ३३३६६७ मूळ आहे का? ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागत बसायची गरज नाही. तिचा कोणताही मूळ अवयव १८ ने भागल्यावर बाकी १ उरणाराच असावा लागतो, कारण १० चा नववा घात त्या अवयवाने भागला की बाकी १ उरते, पहिल्या किंवा तिसऱ्या घाताला उरत नाही; असे असले की त्या अवयवातून १ वजा केल्यावर ९ ने भाग जातो, आणि अवयव विषम असल्याने २ नेही. म्हणजे १९, ३७, ७३, १०९ अशा फक्त १७ संख्या तपासायच्या. एकानेही भाग जात नाही, म्हणून ती मूळ. तेव्हा आपली संख्या = ३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग; विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

या घराण्याला नाव आपल्याकडचेच आहे: डेम्लो संख्या. देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी ते डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्टेशनवरून ठेवले. खूण अशी, की डावा आणि उजवा भाग मिळवला की मधला अंकच ओळीने येतो: १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९.

संगणकावर मात्र जपून. एक्सेल १५ अंकच धरते, त्यामुळे शेवटचे २१ जाऊन ०० येतात. आधी सेलचा फॉरमॅट टेक्स्ट करा (मग ती नुसती दिसेल, हिशेब होणार नाही). जावास्क्रिप्टमध्ये शेवटचा १ जाऊन ० होतो. पायथन संख्या नीट ठेवते, पण नेहमीचे दशांशातले वर्गमूळ काढले तर शेवटी ३२० असलेल्या शेजारच्या संख्येचेही उत्तर बरोबर १११११११११ दाखवते, आणि ती वर्ग नाही. म्हणून पूर्णांकातच वर्गमूळ काढणारे फंक्शन वापरा आणि आलेल्या उत्तराचा वर्ग करून दिलेल्या संख्येशी ताडून बघा.