ग्वानाह्वातोला पहिल्यांदा जाताना

मेक्सिकोतल्या या शहरात पहिल्यांदाच निघालायस ना, मग एक ऐक: मोबाईलच्या नकाशावर फार विसंबू नकोस. इथले कितीतरी रस्ते जमिनीखालून जातात. नदीचं पाणी वरचेवर घरांत शिरायचं, म्हणून ती वळवली आणि जुन्या पात्रात, दगडी कमानींखालून गाड्या धावू लागल्या. तू मात्र पायीच हिंड.

चांदीच्या खाणींनी शहर श्रीमंत केलं, पण आधी अल्होंदिगा दे ग्रानादितास गाठ. हे पूर्वी धान्याचं कोठार होतं. स्पेनच्या सत्तेविरुद्ध मेक्सिकोच्या स्वातंत्र्याचा लढा सुरू करणारा पाद्री हिदाल्गो, त्याच्या बंडखोरांनी २८ सप्टेंबर १८१० ला ते जिंकलं. पुढच्याच वर्षी स्पॅनिश सत्तेने त्यांना मारलं आणि त्याचं व तिघा साथीदारांचं अशी चार शिरं याच्याच चार कोपऱ्यांवर टांगली गेली, थेट १८२१ पर्यंत. प्रत्येक कोपऱ्याखाली थांब, मान वर कर, नाव वाच. घाई करू नकोस. खाणी संध्याकाळी बघ.