कोल्हापूरजवळ राजस्थानसारखं एखाद्या खऱ्या किल्ल्यात राहता येतं का?

तुम्ही लिहिलंय की दिवाळीच्या सुट्टीत आई-वडील आणि दोन मुलांना घेऊन कोल्हापूरला येताय आणि किल्ल्याच्या हॉटेलात दोन रात्री काढायच्या आहेत. पहिल्यांदाच सांगून टाकतो, तसलं इथं नाही.

राजस्थानातला किल्ला बऱ्याचदा कुणा ठाकुराचं राहतं घर असतो. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले, एवढ्या मोठ्या वास्तूंची डागडुजी परवडेना, मग अनेकांनी खोल्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. तिथला नीमराणा किल्ला तर १४६४ चा. पडीक झालेला तो किल्ला दुरुस्त करून १९९१ मध्ये पाहुण्यांना उघडला. आपले गड म्हणजे लष्करी ठाणी. तिथं शिबंदी, दारूगोळा, धान्याची कोठारं. १८४४ च्या गडकऱ्यांच्या, म्हणजे गड राखणाऱ्या शिपायांच्या, बंडानंतर इंग्रजांनी पन्हाळ्याचा चार दरवाजा पाडून टाकला. मग राहायला उरतंय काय? २०१९ मध्ये राज्यातले पंचवीसेक किल्ले हॉटेलांसाठी भाडेपट्ट्यानं देणार अशी बातमी आली तेव्हा एवढा गदारोळ उठला की शिवरायांच्या गडांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. माझ्या मते बरं झालं.

गावात कुणाला विचारलंत तर शालिनी पॅलेसचं नाव निघेल. रंकाळ्याकाठचा हा राजवाडा १९३१ ते ३४ मध्ये बांधला, १९८७ मध्ये त्याचं हॉटेल झालं. माझ्या मावसभावाच्या लग्नाचं जेवण तिथंच होतं. पण ते हॉटेल बंद पडून बरीच वर्षं झाली, आता बाहेरून बघायचं.

आणि गढीतल्या मुक्कामाची हौस मी राजस्थानात एकदा भागवून घेतली आहे. गढीचं नाव नको. फोटोत झरोका होता, आम्हाला मिळाली मागच्या अंगणात नव्यानं बांधलेली खोली. जेवायला रोज गुडघाभर उंचीच्या बावन्न पायऱ्या. आईनं दुसऱ्या दिवशी ताट खोलीतच मागवलं, तर त्याचे वेगळे पैसे लावले! म्हणून वडीलधारी बरोबर असतील तर खोली नेमकी कुठल्या भागात आणि पायऱ्या किती, हे फोनवर विचाराच.

तुमच्यासाठी माझा सल्ला म्हणजे पन्हाळा. कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर. १७८२ पर्यंत करवीरची, म्हणजे कोल्हापूर संस्थानाची, राजधानी इथंच होती आणि गडावर आजही वस्ती आहे, शाळा आहे, नगरपालिका आहे. तटाच्या आत साधी हॉटेलं, लॉज मिळतात. खोलीला राजेशाही काही नसतं, गीझर चालला म्हणजे मिळवली. पण संध्याकाळी पर्यटकांच्या गाड्या खाली गेल्या की गड तुमचा.

पहाटे साडेपाचला मुलांना उठवून तीन दरवाज्याकडे न्या. मी गेलो होतो तेव्हा आत पाऊल टाकलं तर ओल्या दगडाचा वास आणि कमानीत आमच्याच चपलांचा आवाज. बॅटरी वर मारली तर दगडातली नक्षी दिसली. खालच्या वाडीतून एक मामा दुधाच्या दोन किटल्या घेऊन वर येत होते. "एवढ्या लवकर काय बघताय ओ?" म्हणाले आणि थांबलेसुद्धा नाहीत.

किल्ल्यातली खरी 'रूम' बघायची तर शेजारीच अंधार बाव आहे. वरून साधी इमारत वाटते, आत तीन मजले. तळाला विहीर, वर पहारेकऱ्यांना राहण्याची सोय आणि मधल्या मजल्यातून गडाबाहेर निघायची चोरवाट. माझी पुतणी त्या वाटेच्या तोंडाशी अर्धा तास बसून होती. सिद्दी जौहरचा वेढा, १६६० च्या जुलैतली ती पावसाची रात्र, विशाळगडाची वाट, हे सगळं मी तिला तिथंच सांगितलं. त्या वर्षी महाराज चार महिन्यांहून जास्त इथं होते, हे तिला पटतच नव्हतं. "एवढे दिवस? मग शाळा?"

भूक लागली की बाहेर पडा, झुणका-भाकरी, खर्डा आणि मडक्यातलं दही मिळतं. खर्डा मुलांच्या ताटात आधी नखाएवढाच वाढा.

तरीही राजवाड्यातच झोपायचं असेल, तर एक रात्र सावंतवाडीला काढा. आजरा-आंबोलीमार्गे तीन-साडेतीन तास. मोती तलावाकाठच्या राजवाड्यात भोसले घराण्यानं मोजक्या खोल्या पाहुण्यांसाठी केल्यात आणि दरबार हॉलात कारागीर गंजिफाचे गोल पत्ते रंगवताना दिसतात. महाग आहे आणि दिवाळीत ऐनवेळी मिळणार नाही, आत्ताच फोन करा. पन्हाळ्यावर मात्र आई-वडिलांसाठी स्वेटर घ्या. गाडी बहुतेक ठिकाणांच्या जवळपर्यंत जाते, पण सज्जा कोठीच्या गच्चीवर वारा फार असतो.