राहतो तेच भाड्याचं घर विकत घेतोय, पण मालकाकडे मूळ करार नाही. पाच महिने झाले. अजून थांबावं का?

आम्हाला नऊ महिने लागले, त्यामुळे पाच म्हणजे फार झाले असं मी म्हणणार नाही. खरं तर एवढंच लिहून थांबले असते. पण तुम्ही पुढे लिहिलंय की घरचे म्हणतात, ‘मालक चांगला माणूस आहे, झेरॉक्सवर करून टाका, उगाच ताणू नका.’ ते वाचलं आणि राहवलं नाही.

आमचं घर पुण्यात, कर्वेनगरला. 1988 ची तीन मजली इमारत, लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावर आम्ही भाड्याने, तिसऱ्यावर मालकीणबाई. त्यांना आम्ही काकूच म्हणतो. सात वर्षं राहिलो. मुलगी जिना चढायला तिथेच शिकली. काका गेले, त्यानंतर वर्षभराने काकूंनीच विषय काढला, ‘बाहेरच्याला देण्यापेक्षा तुम्हीच घ्या.’ जून 2022 मध्ये आम्ही दोन लाख विसार दिला. एकही कागद न बघता दिला. परक्या बिल्डरकडे गेले असते तर आधी फाइल मागितली असती. राहत्या घराची कुठली भिंत ओल धरते, पाणी किती वाजता जातं, सगळं पाठ असतं, आणि त्या ओळखीपोटी कागद मागायला जीभ रेटत नाही.

काकूंकडे 1996 चा मूळ करार होता. काकांनी घर ज्यांच्याकडून घेतलं त्यांचा आणि बिल्डरचा 1988 चा पहिला करार मात्र नव्हता. बँकेच्या वकिलांनी पहिल्याच भेटीत तिथे बोट ठेवलं.

मग एका रविवारी काकूंच्या माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर. साडीच्या दुकानाच्या पिशवीत 1997 पासूनची विजेची बिलं दोऱ्याने बांधलेली, कॉर्पोरेशनच्या कराच्या पावत्या, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, आणि तळाशी 1988 च्या कराराची झेरॉक्स. शाई उडालेली, मधलं एक पान गायब. पण एका पानावर नोंदणीचा शिक्का होता आणि त्यात दस्त क्रमांक. चार आकडी. शेवटचा आकडा 3 की 8, ते कळेना. काकूंनी काकांचं भिंग आणून दिलं. आम्ही तिघांनी आळीपाळीने पाहिलं आणि 3 ठरवलं.

त्या रात्री मोठे दीर जेवायला होते. ते म्हणाले, ‘झेरॉक्स आहे, 96 चा करार आहे, सोसायटी काकूंना मेंबर मानते. आणखी काय पाहिजे? काकू काय पळून जाणार आहेत का? ही बँक नको म्हणत असेल तर पतसंस्थेकडून घ्या.’ मी नाही म्हटलं. तेव्हापासून आमच्यात हा विषय आहे, आणि अजून मिटलेला नाही.

माझं म्हणणं तेव्हा होतं तेच आज आहे. मूळ करार कधी हरवलेला असतो आणि कधी कुणाकडे तरी ठेवलेला असतो. घरावर कर्ज काढताना मूळ कागद बँकेच्या हवाली केला की गहाण होतं, त्यासाठी वेगळं गहाणखत नोंदवावं लागतंच असं नाही. काकांनी 1996 ला एका सहकारी बँकेकडून कर्ज घेतलं होतं, 2009 ला फेडलं. कर्ज घेतानाच्या कागदांच्या यादीत 1988 चा करार होता. परत मिळालेल्या यादीत नव्हता. बँक म्हणाली, आमच्याकडे काही नाही. मग तो आहे कुठे? काकांनी मधे आणखी कुठे ठेवला होता का? हे सांगू शकणारा माणूस गेला होता. काकूंनी आयुष्यभर काका म्हणतील तिथे सही केली, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. माझा काकूंवर कधीच संशय नव्हता. पण आमच्या वीस वर्षांच्या हप्त्यांचा प्रश्न होता आणि ‘नसेल गं ठेवला’ हे त्याचं उत्तर नव्हतं.

म्हणून पोलिसांत कागद गहाळ झाल्याची तक्रार काकूंच्या नावाने दिली. एका मराठी आणि एका इंग्रजी पेपरात जाहीर नोटीस दिली, पंधरा दिवसांची मुदत ठेवून. सरसाईवर शोध घेतला. बँका आणि वित्त कंपन्यांनी घेतलेल्या गहाणांची ही केंद्रीय नोंदवही 2011 पासून आहे, थोडी फी भरून कुणीही बघू शकतं. वकिलांकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे या घराचे कुठले व्यवहार नोंदले गेलेत त्याचा अहवाल, घेतला.

नोटीस पेपरात छापून आली त्या दिवशी काकू जिन्यात भेटल्या आणि न बोलता वर गेल्या. त्यांच्या नावासकट आणि फ्लॅट नंबरसकट छापलं होतं, लोकांनी फोन करून विचारलं, त्यांना ते फार लागलं. त्या वर्षी गौरीच्या पुरणाची वाटी खाली आली नाही. सात वर्षांत पहिल्यांदा. ते आठवलं की आजही वाईट वाटतं, पण तीच नोटीस मी आजही पुन्हा देईन.

भाड्याचा मुद्दा तुम्ही विचारला नाहीत, पण तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. आमचा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स ऑक्टोबरमध्ये संपत होता. मोठे दीर म्हणाले, ‘विसार दिलाय, घर आता तुमचंच. करार कसला आणि भाडं कसलं?’ साफ चूक. विसार पावतीने कुणी मालक होत नाही. व्यवहार फिसकटला असता तर भाडं थकवणारे म्हणून आम्हीच अडकलो असतो. मी नवा करार रीतसर नोंदवला आणि दर महिन्याचं भाडं खात्यावरूनच भरलं. पण काकूंच्या मुलाशी बसून एक गोष्ट लिहून घेतली: ऑक्टोबरपासून अर्धं भाडं घराच्या किमतीत वळतं होईल. त्यानंतर कामाला वेग आला. पूर्ण भाडं वेळेवर मिळतंय आणि भाडेकरू घरातच बसलाय म्हटल्यावर मालकाला घाई कशाची असणार? तुमचे मालक पाच महिने ‘मिळेल, मिळेल’ म्हणतायत त्यामागे हेच असावं.

दस्त जिथे नोंदवतात त्या दुय्यम निबंधक कार्यालयातून 1988 च्या कराराची नक्कल काढण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. आधी ऑगस्टपर्यंत मी काकूंच्या मुलाच्या मागे लागले होते की तू अर्ज कर. त्याची गरजच नव्हती. नोंदणी कायदा 1908, कलम 57: नोंदणी झालेल्या खरेदीखताची, कराराची नक्कल फी भरून कुणीही मागू शकतं. हे मला वकिलांनी फार उशिरा सांगितलं. मग मीच अर्ज केला, 3 हा आकडा घालून, आणि तीन आठवड्यांनी कळलं की तो दस्त कुणाच्या तरी शेतजमिनीचा आहे. पुन्हा नावावरून सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्तांची तिथली यादी, तपासली, 8 निघाला. नक्कल जानेवारीत हातात आली.

त्यात ते गायब पान होतं. बिल्डरच्या करारात आमचा फ्लॅट नंबर 5 आणि सोसायटीच्या दप्तरात 3. सोसायटी झाली तेव्हा नंबर बदलले होते. सोसायटीचं पत्र घेतलं, मंजूर नकाशा काढला आणि आमच्या दस्तात तसा खुलासा घातला. झेरॉक्सवर व्यवहार केला असता तर हे आम्ही विकायला निघालो त्या दिवशी पुढच्या माणसाच्या वकिलांनी काढलं असतं.

मार्च 2023 च्या तिसऱ्या आठवड्यात नोंदणी झाली. काकूंची मुलगी नागपूरहून आली, दोन्ही मुलांनी सह्या केल्या. घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. बाईच्या नावावर राहतं घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत, म्हणून आम्हाला पुण्यात सातऐवजी सहा टक्के पडले. नवऱ्याचं नाव जोडलं असतं तर सवलत गेली असती. मोठ्या दिरांना तेही पटलं नव्हतं.

उशीर महाग पडला, हे खरंच आहे. जूनमध्ये कर्ज मंजूर झालं तेव्हा रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, 4.90 टक्के होता, नोंदणीच्या वेळी 6.50. मंजुरीची मुदत संपून ती पुन्हा घ्यावी लागली आणि हप्ता वाढला. मोठे दीर प्रत्येक लग्नाकार्यात सांगतात, ‘एवढं शोधलंत, शेवटी गहाण-बिहाण काही निघालं का?’ नाही निघालं. कुठेही काही नाही, हेच तर मला लेखी हवं होतं. आणि फ्लॅट नंबरचं ते सोयीस्कर विसरतात.

तर तुम्ही काय करायचं? थांबा, पण मालकाच्या भरवशावर नाही. नक्कल स्वतः काढा, मुदत आणि भाडं लिहून घ्या, मुदतीत नक्कल आली नाही तर विसार परत मिळेल असं कलम घाला. मालक लिहून द्यायला तयार नसेल तर घर सोडा, कितीही आवडतं असलं तरी. मालकाचं कर्ज 1 डिसेंबर 2023 नंतर फिटलं असेल आणि बँकेनेच कागद हरवले असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे नक्कल मिळवून द्यायला मदत करणं आणि तिचा खर्च सोसणं बँकेवर आहे, शिवाय ठरलेल्या मुदतीपुढच्या उशिराबद्दल दिवसाला 5,000 रुपये. आमचं प्रकरण जुनं होतं, आम्हाला ते लागू नव्हतं.

हे सगळं करार नोंदवलेला असेल तरच. पहिला करार नोंदवलेलाच नसेल तर नक्कल मिळणार नाही, आणि 10 डिसेंबर 1985 नंतरच्या करारावर मुद्रांक शुल्क कमी भरलेलं असेल तर ते दंडासकट निस्तरावं लागतं. मालक वारसाहक्काने मालक झाला असेल तर नुसतं नॉमिनेशन पुरत नाही, सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. अशा वेळी आधी स्वतःचा वकील गाठा, बँकेचा वकील बँकेचं बघतो. आणि झेरॉक्सवरचा दस्त क्रमांक दोन-तीन जणांकडून वाचून घेतलात तरी अर्जाआधी सूची दोनमध्ये नावावरून ताडून बघा.