कढीपत्त्यावरचा खंडोबाचा किडा

प्रश्न : ग्रिलमधल्या कढीपत्त्यावर बोटाएवढा हिरवा किडा पुढचे पाय जोडून बसतो. कुठूनही पाहिलं तरी त्याच्या डोळ्यातला काळा ठिपका आमच्याकडेच वळलेला असतो. शेजारच्या फांदीवर वाळलेल्या फेसासारखा तपकिरी गोळा आहे. किडा विषारी आहे का? गोळा काढावा का? (एक वाचक, नेरूळ)

उत्तर : हा खंडोबाचा किडा, म्हणजेच प्रार्थना कीटक. त्याला विष नाही, नांगीही नाही. मुठीत धरलात तर पुढच्या पायांचे काटे बोचतील, इतकंच.

गोळा मात्र कृपा करून काढू नका, ती त्याची अंडी आहेत. मादी फेस सोडत त्यात अंडी घालते आणि तो फेस वाळून कडक होतो. मोठ्या जातींत एका गोळ्यातून शंभराच्या वर पिल्लं निघू शकतात. ती मावा (झाडाचा रस शोषणारे बारीक किडे) खातात, म्हणून तोवर कीटकनाशक फवारू नका. मावा पाण्याच्या बारीक धारेने धुवून काढा. गोळ्यावर सुईने टोचल्यासारखी गोल भोकं दिसली, तर परजीवी गांधीलमाश्यांनी बरीच अंडी फस्त केली असं समजा. मोठा झालेला किडा मधमाशी, फुलपाखरू काहीच सोडत नाही, त्यामुळे कीड आवरायला त्याच्यावर विसंबू नका.

काळा ठिपका म्हणजे बुबुळ नव्हे. डोळा हजारो नेत्रिकांचा, म्हणजे इवल्या इवल्या डोळ्यांचा, बनलेला असतो. ज्या नेत्रिका थेट तुमच्याकडे रोखलेल्या असतात, त्या प्रकाश शोषून घेतात आणि काळ्या दिसतात. तुम्ही सरकलात की दुसऱ्या नेत्रिका काळ्या दिसू लागतात. रात्री तर अख्खा डोळाच गडद होतो. टॉर्च मारून जरूर पाहा. मान मात्र तो खरोखरच वळवतो, अगदी खांद्यामागे पाहण्याइतकी.

प्रश्न : मुलाने येऊरहून आणलेलं खंडोबाच्या किड्याचं पिल्लू बरणीत ठेवलं. कात टाकताना ते खाली पडलं, पाय वाकडे झाले. काय चुकलं? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : बरणी. कात टाकताना ते उलटं लटकतं आणि जुन्या कातडीतून खाली सरकत बाहेर येतं. गुळगुळीत काचेवर पकड मिळत नाही. वरून जाळी बांधा आणि जाळीखाली पिल्लाच्या लांबीच्या निदान तिप्पट जागा मोकळी सोडा. एसीच्या कोरड्या हवेत कात अडकते, म्हणून रोज सकाळी बाजूंवर पाण्याचे बारीक तुषार मारा. त्याने खाणं सोडलं की कात जवळ आली; तेव्हा आतले जिवंत किडे काढून घ्या, नाहीतर तेच त्याच्या मऊ अंगाला चावतात. दोन पिल्लं एकत्र ठेवली तर एकच उरतं.

वाकडे पाय पुढच्या कातीत बरेचदा सुधारतात. पूर्ण पंख फुटले असतील तर तो प्रौढ झाला, आता कात नाही. पिल्लू धडपणे चालू लागलं की झुडपावर सोडून द्या, मात्र मुंग्यांची रांग नाही ना, ते आधी पाहा.