न्यूयॉर्कचं टेनेमेंट म्युझियम आई-बाबांना दाखवण्यासारखं आहे का?

तुम्ही विचारलंय की आई-बाबांचं आयुष्य गिरगावच्या चाळीत गेलंय, न्यूयॉर्कमध्ये हाताशी दोनच दिवस आहेत, तर त्यातली एक सकाळ या म्युझियमला द्यावी का. जरूर द्या. त्या शहरातली मला सगळ्यात जवळची वाटणारी जागा हीच.

टेनेमेंट म्हणजे गरीब, बहुतेक स्थलांतरित भाडेकरूंनी दाटीवाटीने राहायची इमारत, आणि हे म्युझियम अशाच एका इमारतीत आहे. लोअर ईस्ट साइड या भागातल्या ऑर्चर्ड स्ट्रीटवरची ९७ नंबरची ही इमारत १८६३ साली लुकास ग्लॉकनर या जर्मन शिंप्याने बांधली. तीन खोल्यांचं एकेक बिऱ्हाड, मिळून साधारण सव्वातीनशे चौरस फूट. थेट उजेड यायचा तो फक्त एका खोलीत. सुरुवातीला नळ नव्हता, संडास मागच्या अंगणात. चाळीला निदान गॅलरी असते, वारा असतो, येणारा-जाणारा दिसतो. इथे दाराबाहेर अंधारा जिना. आतल्या भिंतींना खिडक्या पाडलेल्या दिसतील. क्षयाच्या भीतीने हवा खेळती राहावी म्हणून कायद्याने त्या पाडायला लावल्या.

१९३५ साली आगीपासून बचावाच्या नव्या नियमांप्रमाणे दुरुस्ती करण्यापेक्षा मालकाने भाडेकरूच बाहेर काढले. खालची दुकानं चालू राहिली, वरचे मजले बंद. पन्नासेक वर्षांनी, १९८८मध्ये म्युझियम स्थापन करणाऱ्यांना ते जवळपास तसेच मिळाले. काही खोल्या आजही मुद्दाम न सजवता ठेवल्या आहेत, भिंतीवर वॉलपेपरचे थरावर थर. सजवलेल्या खोल्या सुंदर आहेतच, पण माझं मन या उघड्या भिंतींपाशी जास्त रेंगाळतं.

आपलं आपण हिंडता येत नाही. एकेका कुटुंबाच्या गोष्टीची गाइडसोबतची फेरी असते आणि तिकीटही त्या फेरीचं, त्यामुळे आधी ऑनलाइन काढून ठेवा. गुम्पर्ट्झ कुटुंबाची फेरी उपलब्ध असेल तर तीच घ्या. १८७३च्या मंदीत नवऱ्याचं काम गेलं, पुढच्या वर्षी तो एक दिवस घराबाहेर पडला तो परतलाच नाही. पदरात लहान मुलं. नाताली गुम्पर्ट्झने घरातच शिवणकाम सुरू केलं आणि मुलं वाढवली. पुढे सासऱ्याच्या वारशातला वाटा मिळवायला तिला कोर्टात नवरा मेला असं जाहीर करून घ्यावं लागलं. हे कळलं ते सरकारी दप्तरातल्या कागदांवरून. एका गरीब शिवणकाम करणाऱ्या बाईचं आयुष्य कोणीतरी इतक्या चिकाटीने शोधून काढलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. लेव्हिन कुटुंबाच्या खोल्याही बघण्यासारख्या आहेत. राहत्या घरातच कपड्यांचा कारखाना, इस्त्री तापवायची ती स्वयंपाकाच्या शेगडीवर.

एक महत्त्वाचं. ९७ नंबरला लिफ्ट नाही, सगळं जिन्यांवर. आईंना चढ-उतार झेपणार नसेल तर जवळच्याच १०३ नंबरमधली फेरी घ्या, तिथे लिफ्ट आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धानंतरची कुटुंबं आहेत: नाझींच्या छळातून वाचलेलं एक ज्यू कुटुंब, पोर्तो रिकोहून आलेलं एक आणि एक चिनी. चिनी घरातली आई चायनाटाउनच्या कपड्यांच्या कारखान्यात शिलाईचं काम करायची. सबवेने डेलान्सी स्ट्रीट-एसेक्स स्ट्रीट स्टेशनला उतरा, तिथून चालत अगदी थोडं अंतर आहे.